वाघोबापाशी सोडलेली हवा

“डिझेल गाडीत घालायचं का तुमच्या तोंडात, ते एकदा सांगून टाका मिस्त्रीकाका! म्हंजे मी पंपावर जायचंच बंद करतो. डायरेक कॅन घेऊन इकडं येतो!”

प्रमोद ओरडत होता. शेणव्याच्या नाक्यावर, माझ्या गॅरेजच्या दारात, भर सकाळी. आवाज असा, की समोरच्या टपरीवरच्या दुधाची साय फाटली. एसटीची वाट बघणाऱ्या बायका एसटी आली तरी चढेनात. कंडक्टरनं घंटी मारायची सोडून खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शहापूरची गाडी तिथंच उभी राहिली. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर म्हटलं असतं की ड्रायव्हरही खाली उतरला. तो उतरलाही होता, पण ते जाऊ दे.

प्रमोदच्या मागे, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, त्याचा बाप गोमादादा उभा होता.  आभाळाकडे बघत होता. चैत्रातलं कोरडं आभाळ, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी बाळाराम मिस्त्री. शहापूर ते मुरबाड या पट्ट्यातल्या डिझेल गाड्या दुरुस्त करता करता माझ्या हाताच्या रेषा ऑइलनं अशा भरल्यात, की ज्योतिषी हात बघतो आणि फडकं मागतो. लोक सांगतात, बाळाराम इंजिनचा आवाज ऐकून ड्रायव्हर सकाळी काय जेवला ते ओळखतो. साफ खोटं आहे. चहा प्यायला की नाही, एवढंच मला कळतं. आता गॅरेज पुतण्या बघतो. तो गाडीला वायर लावतो आणि गाडी त्याला पडद्यावर आपलं दुखणं सांगते. आमच्या वेळी गाडी बोलत नसे, गिऱ्हाईक बोलत असे, आणि गिऱ्हाईक खोटं बोलत असे. खरी कारागिरी तिथं होती.

सगळ्यात जास्त खोटं कशाबद्दल, तर अ‍ॅव्हरेजबद्दल. गाडी एका लिटरला किती किलोमीटर जाते, एवढाच साधा प्रश्न. पण टपरीवर सांगतात ते अ‍ॅव्हरेज वेगळं आणि गॅरेजात सांगतात ते वेगळं. टपरीवरचं खरं धरलं तर घरी पोचेपर्यंत टाकीतलं डिझेल वाढायला पाहिजे. म्हणून आमची रीत अशी: पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, रोजच्यासारखी गाडी चालवायची, परत त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरायची. मधे किती लागलं ते टाकी सांगते. टाकीला टपरी माहीत नसते.

त्यातून गोमादादाची गाडी फोरव्हील. ज्यांनी तसली गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गाडीची दोनच चाकं जोर लावतात, बाकीची दोन नुसती सोबतीला पळतात. फोरव्हीलला गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा असतो. तो टाकला की चारही चाकं जोर लावतात आणि गाडी चिखलातून, चढावरून, वेळ पडली तर भिंतीवरून जाते. पण डांबरावर आलं की तो दांडा काढायचा. राहिला तर गाडी डिझेल अशी पिते, जशी उन्हाळ्यातली म्हैस डोहात तोंड घालते.

एकदा मुंबईचे एक साहेब आले होते, किन्हवलीकडं फार्महाऊस बांधलेले. गाडी नवीकोरी, हत्तीएवढी. “मिस्त्री, कंपनी म्हणते तेवढं अ‍ॅव्हरेजच देत नाही.” मी बघितलं तर टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर तंबू, शिडी, फावडं, पाण्याचे डबे, एक जादा चाक आणि घडीची खुर्ची. म्हटलं, “साहेब, एवढं सगळं कशाला?” म्हणाले, “जंगलात कुठं अडकलो तर?” म्हटलं, “साहेब, तुमच्या फार्महाऊसपर्यंत सिमेंटचा रस्ता आहे, आणि शेजारी किराणा मालाचं दुकान.” कॅरिअर उतरवलं, वाऱ्याला आडवं येणारं एवढं धूड गेलं, गाडी सुधारली. साहेब खूश. कॅरिअर मात्र माझ्याकडंच विसरून गेले. त्यावर आमच्या घरी अजून पापड वाळतात.

पण गोमादादाची गाडी हौसेची नव्हती. त्याचं घर मुरबाडच्या पलीकडं, सिद्धगडाच्या पायथ्याला. डांबर संपतं, तिथून पुढं रस्ता म्हणजे दगडांची पंगत, मधे एक ओढा, मग असा चढ की गाडीतल्या माणसाला गुडघ्याच्या जागी आभाळ दिसावं. गोमादादाची बायको, आमची चांगुणावहिनी, भातलावणीच्या वेळी बांधावरून घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, उठून बसली, काठी धरून चालायला लागली. पण दर आठवड्याला शेक आणि व्यायामाला शहापूरला जावं लागायचं. मुरबाडला डॉक्टर नाहीत असं नाही. वहिनीला शहापूरच्या डॉक्टरीणबाईंचाच हात मानवला. मानवला म्हणजे मानवला. गोमादादा तिला शेजारी बसवायचा आणि सिद्धगड ते शहापूर हाकायचा. वाटेत शेणवं, शेणव्यात मी.

गाडी प्रमोदच्या पगारावर चालायची. तो मुरबाडच्या कारखान्यात होता. पोरगा वाईट नाही. आईसाठीच तर करत होता. पण टाकी त्याला भरावी लागे, आणि ती गाडी अलीकडं प्यायला बसल्यासारखी पीत होती. त्या सकाळी ओरडून ओरडून दमल्यावर त्यानं शेवटचं सांगितलं:

“अक्षय्यतृतीयेला गिऱ्हाईक येतंय. तोवर अ‍ॅव्हरेज आलं तर ठीक. नायतर गाडी दिली. बारकी ग्यासची गाडी घेतो.”

“आणि ओढा?” मी विचारलं. “बारक्या गाडीचं पोट त्या दगडावर टेकलं तर कासवासारखी बसेल ती.”

“गाडी डांबरावर ठेवायची. आईला खुर्चीत बसवून चौघं जण उचलून आणू.”

तेवढं ऐकल्यावर गोमादादानं आभाळ सोडलं आणि खाली बघितलं. चौघांनी उचलणं हा शब्द म्हाताऱ्या माणसाला कसा लागतो ते सांगायला नको. मी म्हटलं, “प्रमोद, जा तू कामावर. अक्षय्यतृतीयेच्या आत ही गाडी वासावर चालवून दाखवतो.”

आता बोललो तर खरं. मग मी त्या गाडीला लागलो. एअर फिल्टर काढून झाडला, तर लाल माती इतकी निघाली की मागं वांगी लावली असती. गाडीला श्वास घ्यायला हवा नसेल तर डिझेल नीट जळत नाही, काळा धूर होऊन निघून जातं. नवा फिल्टर टाकला. डिझेल फिल्टर बदलला. नोझलं, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या पिचकाऱ्या, त्या कल्याणला पाठवून तपासून आणल्या. थोडी गाडी चालवून चाकाच्या मधोमध हात लावून बघितला. ब्रेक घासत असेल तर तिथं चटका बसतो. एका चाकाला बसला, तो ब्रेक मोकळा केला. छोटा दांडा बघितला, पुढच्या चाकांना जोर जोडणारे-सोडणारे हब बघितले, सगळं सुटतंय, काही अडकत नाही. मागच्या पेटीतून दोन कुदळी, एक साखळदंड आणि कुणाच्या तरी लग्नातली कढई काढून ठेवली.

टाकी ते टाकी मोजलं. थोडं वाढलं. पुढच्या आठवड्याला पुन्हा होतं तिथं.

आणि एक गोष्ट मला खायला लागली. चाकांतली हवा. गाडी माझ्याकडून जाताना मी चारही चाकांत बत्तीस पौंड भरायचो. पुढच्या आठवड्याला यायची तेव्हा चाकं मऊ, जमिनीवर पसरलेली, दुपारच्या म्हशीसारखी. आधी वाटलं व्हॉल्व्हच्या पिना गळतात. बदलल्या. मग वाटलं ट्यूबला बारीक भोक असेल. पाण्यात बुडवून बघितल्या, एक बुडबुडा नाही. आणि खरी गंमत पुढं. चारही चाकांत हवा सारखीच कमी! पंक्चर कधी सगळ्यांना सारखा न्याय देत नाही हो. एक चाक बसतं, तीन हसतात. चारही चाकांना एकसारखं कमी करायचं म्हणजे त्यात माणसाचा हात पाहिजे.

मी गोमादादाला विचारलं. “दादा, हवा कोण काढतं?”

तो म्हणाला, “हवा काय, येते नि जाते.” आणि आभाळाकडे बघितलं.

पुढच्या वेळी वहिनीचा शेक आटपून ती दोघं शहापूरहून परतताना मी हवा भरली आणि सरळ मागच्या सीटवर चढून बसलो. म्हटलं, “आज इंजिनचा आवाज ऐकत येतो तुमच्या घरापर्यंत. येताना बसनं येईन.”

गोमादादाचा चेहरा कडू कारलं चावल्यासारखा झाला. वहिनी मात्र खुलली. “या ना भावजी. बघा तरी आमचा रस्ता किती सुधारलाय. आधी असे दणके बसायचे, आता जातो कसा मऊ मऊ. नायतर माझी कंबरच बरी झाली असंल. डॉक्टरीणबाईंचा गुणच.”

मी मनात म्हटलं, रस्ता सुधारला तर पेपरात आलं असतं.

मुरबाड गेलं, पुढची गावं गेली. डांबर संपतं तिथं ऐनाच्या झाडाखाली वाघोबाचा शेंदरी दगड आहे. जंगलात शिरणारी प्रत्येक गाडी तिथं थांबते, ड्रायव्हर उतरून हात जोडतो, मगच पुढं. वाघ आता तिथं येतो की नाही ठाऊक नाही, पण त्याची हद्द आहे ती. गोमादादानं गाडी थांबवली, उतरला, हात जोडले. मी चपळाईनं दुसऱ्या दारानं खाली.

फुस्स.

गोमादादा चाकापाशी उकिडवा बसला होता. हातात खिळा, व्हॉल्व्हच्या तोंडाशी. थोडी हवा सोडायचा, मग तळहातानं चाक दाबून बघायचा, जसं आपण फणस पिकला का ते बघतो. मग दुसरं चाक. मग तिसरं. मी नंतर मीटर लावून बघितलं. माझ्या गॅरेजातला मीटर एवढं बरोबर दाखवत नाही, जेवढा त्या माणसाचा तळहात चारही चाकांना सारखा चालला होता.

मला बघितल्यावर त्यानं तोंडावर बोट ठेवलं. आतून वहिनीचा आवाज आला, “झालं का गाडीचं?”

“दम टाकते गो,” गोमादादा ओरडला. “चढाच्या आधी दम टाकते ती.”

मग मला हळूच म्हणाला, “चाकं कडक असली ना बाळाराम, तर एकेक दगड तिच्या हाडाला जाऊन लागतो. तोंडातून आवाज काढत नाय ती. पण दार असं धरते, की बोटं पांढरी होतात. मऊ केल्यापासून दार धरत नाय.”

“अरे पण दादा, मग शहापूरला जाताना तरी भरायची!”

“भरली नि हिला कडक लागली तर? हिला वाटतंय कंबर सुधारली. वाटू दे ना.”

“आणि डिझेल?”

त्यानं माझ्याकडे खरोखर नवलानं बघितलं. “हवेचा नि डिझेलचा काय संबंध रे?”

गावठाणात राहणाऱ्या माणसाला कळेल असं मी सांगितलं. सायकलच्या चाकात हवा नसली तर पायडल मारताना मांड्या भरून येतात ना, तसं. चाक पसरतं, रस्त्याला चिकटतं, इंजिनाला ते ओढत न्यावं लागतं. ओढायला ताकद लागते, ताकद डिझेलमधून येते. दगडांवर मऊ चाक ठीक, पण मी परत भरेपर्यंत तू सगळं डांबर पण मऊ चाकावर तुडवतोस, आठवडाच्या आठवडा.

गोमादादानं खिळा खिशात टाकला.

“म्हंजे पोरगा बोंबलत होता ते डिझेल मी पीत होतो.”

“तू नाय दादा. चाकं.”

“चाकं काय सोताहून दम टाकतात?” असं म्हणून तो उठला. बाजूच्या जाळीत हात घालून अर्धवट पिकलेली करवंदं तोडली, पानाच्या द्रोणात घेतली, आणि खिडकीतून वहिनीच्या मांडीवर ठेवली. आंबट करवंदानं वहिनीनं एक डोळा मिटला. मी ते बघितलं, पण माझं डोकं चाकांत होतं, करवंदांत नव्हतं.

आता पेच असा: हवा भरावी तर वहिनीची कंबर, सोडावी तर गाडीच जाते. दोन रात्री मी झोपलो नाही. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे मी घोरत होतो, पण ते विचार करतानाचं घोरणं होतं. तिसऱ्या दिवशी गाडी आणून पुढून-मागून उचलली. तसल्या जुन्या गाडीखाली लोखंडी पट्ट्यांची चवड असते, पाटे म्हणतात. टनभर माल वाहायला केलेली. दोन म्हाताऱ्या माणसांना ती कशी वाकणार? प्रत्येक चवडीतला एक एक पाटा काढला. उरलेल्यांच्या मधला गंज खरवडून ग्रीस भरलं. चारही शॉकअप नवे टाकले. पाट्यांच्या टोकांचे फाटलेले रबरी बुश बदलले. आणि वहिनीची सीट उसवून आत नवा काथ्या आणि जाड रबर घातलं. रबर कुठून आणलं ते विचारू नका. आमच्या घरी एक गादी बरेच दिवस पातळ आहे.

मग गोमादादाला समोर बसवून धडा दिला. हवा बत्तीस पौंड, दर आठवड्याला माझ्याकडं. मोठ्या गिअरला शांत चालव. ब्रेक मारायच्या आधी पाय काढ. गाडी उगाच चालू ठेवून गप्पा मारू नको. कारणाशिवाय थांबू नको, थांबली की परत ओढायला डिझेल लागतं. गोमादादा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. माझं एवढं लक्षपूर्वक माझ्या लग्नातही कुणी ऐकलं नव्हतं.

टाकी ते टाकी मोजलं. मग खात्रीसाठी पुन्हा मोजलं. गाडी खरंच सुधारली होती.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी प्रमोद आला. ओरडला नाही. बाकावर बसला, चहा घेतला. “गिऱ्हाईकाला नाय सांगून टाकलं,” म्हणाला. “काय होतं हो गाडीला?”

मी म्हटलं, “नोझल.”

आयुष्यात मी एवढं एकच खोटं बोललोय. वाचणाऱ्यांनी विश्वास ठेवावा.

मग ज्येष्ठाचं तोंड आलं. रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका टोपल्या भरभरून करवंदं घेऊन बसायला लागल्या. गोमादादा नेहमीप्रमाणे आला, गाडी लावली आणि समोर पान घ्यायला गेला. वहिनी गाडीत बसली होती. मी हवेचा पाइप ओढत तिच्या खिडकीपाशी गेलो.

“काय वयनी, कंबर?”

“बरी.”

“रस्ता?”

ती हसली. “रस्ता कधी सुधारला होता भावजी? हवा सोडायचे हे. मला काय म्हाइत नाय? गाडी दम टाकते म्हणे. चाळीस भातलावण्या केल्यात मी, बैल दम टाकतो तो आवाज वेगळा.”

माझ्या हातातला पाइपच सुटला. “मग बोललात का नाय?”

“बोलले असते तर सोडली नसती.” तिनं पदरानं काचेवरची धूळ पुसली. “आता तुमी सगळं नीट केलंत. दणकाबिणका नाय. पण हे वाघोबापाशी थांबतच नाय. बसल्या जागी स्टेरिंगवरून हात जोडतात नि सुटतात. डिझेल जातं म्हणे थांबून. आधी कसं, चाकाचाकाशी बसायचे, मग जाळीत घुसायचे. करवंदं नायतर आवळे, पावसात करटुली, काय ना काय आणून मांडीवर ठेवायचे.” मग म्हणाली, “यंदा पिकलेली करवंदं नाय खाल्ली.”

रस्त्याच्या पलीकडं टोपल्याच्या टोपल्या होत्या. तिनं तिकडे बघितलंही नाही.

गोमादादा पान चघळत आला. मी मागच्या चाकाशी बसलो होतो. हळू आवाजात म्हटलं, “दादा, वाघोबापाशी थांबत जा रे. थांबण्यानं जातं किती, चमचाभर. वयनी करवंदांची वाट बघते.”

त्यानं आभाळाकडे बघितलं. मग गाडीत पुढच्या सीटवर वहिनीची पाठ दिसत होती तिकडे बघितलं.

मीटरचा काटा बत्तीसवर आला. “झाले बत्तीस,” मी म्हटलं. “काढू पाइप?”

“अजून चार भर,” गोमादादा म्हणाला. “सोडायला कायतरी पायजे ना.”